कणगीबाहेरचं शेपूट

हरारे, १२ जून १९९४

ए केसाळ मामा,

जिवंत आहेस ना? चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. हात मोडलाय, शाई संपलीय, की पुन्हा गुरं धुवायच्या औषधाच्या हौदात पडलास? मागे पडला होतास तेव्हा वर्षभर एक गोचीड तुझ्या वाटेला गेली नव्हती, असं आई अजून सांगते आणि हसता हसता तिला ठसका लागतो.

इकडे सगळं ठीक. थंडी मरणाची आहे. परवा एका शाळेत बोलावलं होतं. दोनशे पोरं मैदानात उन्हाला बसवलेली. मी 'फार फार पूर्वी' म्हटलं आणि दोनशे पोरं एका दमात ओरडली, 'झेपफुंदे!' अंगावर काटा आला रे. तुझ्या अंगणात आम्ही नऊ जण ओरडायचो, आणि आठच आवाज आले तर तू थांबायचास. 'कोण झोपलं? हुंकार नाही तर गोष्ट नाही.' मग झोपलेल्याला चिमटा. आता तू हुंकार देत नाहीस, मामा, आणि तुला चिमटा काढायला मुटोको लांब आहे.

आई माझ्याकडे आली आहे. पोटाची थोडी तक्रार आहे, काळजी करण्यासारखं काही नाही. पण तुझी आठवण फार काढते. दोन दिवस रजा टाक आणि ये. येताना कोंबडी आण. नाही आणलीस तर मी येऊन उचलून नेईन. मामाच्या घरची कोंबडी उचलणाऱ्या भाच्याला चोर कोण म्हणणार?

हे पत्र बसचा ड्रायव्हर मुत्सागो तुझ्या हातात देईल. मामीला नमस्कार सांग.

तुझा चोर ससा,
गरिकाई

हरारे, ३ जुलै

मामा,

मुत्सागो सांगत होता, पत्र तुला हौदावरच दिलं. तू पाकिटावरचं अक्षर पाहिलंस, पाकीट न फोडता शर्टाच्या खिशात घातलंस आणि गुरं मोजायला लागलास. मी विचारलं, 'म्हातारा काही बोलला का?' तर म्हणाला, 'नाही. पण मला दोन पपया दिल्या.' ड्रायव्हरला पपया आणि भाच्याला ठेंगा. वा रे वा!

आता थट्टा पुरे. मागच्या पत्रात थोडी तक्रार असं लिहिलं, ते खोटं होतं. आईच्या लिव्हरमध्ये गाठ आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. याचा अर्थ तुला कळतो. आईलाही कळलाय, ती मला म्हणाली, 'डॉक्टरनं तुला बाहेर नेलं तेव्हाच मी समजले. बरी बातमी माणूस खाटेपाशी सांगतो.'

रोज सकाळी एकच विचारते, 'फिनियास आला का?' तिचे बाकीचे भाऊ गेले. माहेरचं म्हणावं असं तुझ्याशिवाय तिला कोणी नाही. आणि पुढचंही लिहायला हवं. ती गेली, तर तू येऊन पहिली माती घातल्याशिवाय तिला पुरता येणार नाही. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी बाई माहेरचीच असते, हा आपला रिवाज. पण मी तुला मातीसाठी बोलावत नाही. तिचे डोळे उघडे असताना ये, एवढंच मागणं.

रागावलास हे मला दिसतं. मी काही दूधखुळा नाही. राग त्या पुस्तकाचा आहे, 'माकडमामाची फजिती'. जानेवारीत छापून आलं आणि सगळ्या शाळांत तिसरीला लागलं. अरे पण मामा, गोष्टीतलं माकड कधी जिंकलंय का? ससाभाचा मामाचा मध खातो, मामाला झाडावर चढवून स्वतः पळून जातो, मामाच्या गळ्यात चोरीचा आळ बांधतो; या सगळ्या गोष्टी मला सांगितल्या कोणी? तूच ना! तुझ्या आणि आईच्या कुळाचं देवक माकड. दुसरा कोणी असता तर मान खाली घालून बसला असता. तू छाती काढून म्हणायचास, 'गोष्टीत नाव कोणाचं? आमचं! सिंहाला विचारतो कोण?'

भाच्यानं मामाची टर उडवायची, त्याच्या ताटातलं मांस पळवायचं, चारचौघांत त्याला केसाळ म्हणायचं, आणि मामानं चार शिव्या हासडून हसायचं. याला आपल्याकडे प्रेम म्हणतात. मी दुसरं काय केलं? तोंडानं करायचं ते कागदावर केलं, इतकंच.

ये रे. हवं तर मला हौदात बुडव.

गरिकाई

वेड्झा, ३१ जुलै

मामा,

आईला गावी आणलं. तिनंच सांगितलं, 'मला तुझ्या बाबांच्या घरी ने, शहरात मरायला मला लाज वाटते.' ती आता फक्त पेज घेते, तीही चार चमचे.

काल मामी आली होती.

हो, मला माहीत आहे ती कुठून आली. ती मार्चमध्येच तुझं घर सोडून भावांकडे गेली, हे मला मार्चमध्येच कळलं होतं. आणि तरी जूनमध्ये मी तुला लिहिलं, 'मामीला नमस्कार सांग.' काहीच माहीत नसल्यासारखा. इतका भित्रा मी आहे, हे तुला कळावं म्हणून आज सगळं लिहितो. आज थट्टा नाही.

दुपारची वेळ होती. आई बाहेर चटईवर, भिंतीला टेकून. मामी काठी टेकत टेकत आली, कण्हत बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग मामीनं कापडाच्या पिशवीतून पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर ती कणगी, दगडांवर उभी, आणि तिच्या झाकणातून बाहेर लोंबणारं शेपूट. मला ते चित्र फार आवडलं होतं.

'वन्सं,' ती आईला म्हणाली, 'तुम्हाला वाचता येत नाही, मलाही नाही. लेखक घरातच आहे, तर त्याच्याकडून ऐकू या.'

मी म्हटलं, 'मामी, दिवसाउजेडी गोष्ट सांगत नाहीत. सांगणाऱ्याचं माकड होतं.'

'मग हो माकड,' ती म्हणाली. 'आमच्या घराण्यात एक आहेच.'

मी वाचलं. चित्ता येतो. माकडमामा बायकोला अंगणात धान्य कांडत ठेवून कणगीत उडी मारतो, पण शेपूट बाहेर राहतं. चित्ता विचारतो, 'तुझा नवरा कुठाय?' माकडीण म्हणते, 'मधाच्या पोळ्यामागे गेलाय. आणि तो घरी असता, तर तुझा पाय माझ्या अंगणाला लागला नसता.' चित्त्याला ते शेपूट दिसतं. आणि ससा झुडपातून ओरडतो, 'मामा, शेपूट आत घ्या!' इथे सगळ्या शाळांत पोरं गडाबडा लोळतात.

'थांब,' मामी म्हणाली. 'माकडिणीचं बोलणं परत वाच.'

परत वाचलं.

'अजून एकदा.'

तिसऱ्यांदा मी अर्ध्यावरच पुस्तक मिटलं. आई माझ्याकडे बघत होती.

'वन्सं, हे मी बोलले होते,' मामी म्हणाली. 'लढाईच्या वर्षी. तीन सैनिक होते. जंगलात लपून लढणाऱ्या पोरांना जेवण देतेस म्हणाले. नवरा कुठाय म्हणाले. मी म्हटलं, बैलांमागे गेलाय, आणि तो घरी असता तर तुझा पाय माझ्या अंगणाला लागला नसता. मग बंदुकीचा दस्ता माझ्या कमरेत बसला. तुमच्या पोरानं बैलांच्या जागी मध घातला, बाकी माझाच शब्द न् शब्द. आता मला सांगा, तिथे ते तिघे आणि मी. ते तिघे काही तुमच्या मुलाला गोष्ट सांगायला आले नसतील.'

आईनं तिचा हात पुन्हा धरला. मामी पुढे सांगत राहिली.

'आमची नात सेकाई शाळेतून आली आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी भुईमूग सोलत होते. हसत होते मी, वन्सं! माकडाला हसत होते. आणि मग त्या पोरीच्या तोंडून माझंच बोलणं आलं. मी वर बघितलं तर हे दारात उभे. तोंड असं, की विचारायचं काही राहिलंच नाही.' मग ती म्हणाली, 'ते कणगीत लपले याचं मला काही नाही. बाहेर आले असते तर मेले असते. पण सोळा वर्षं मी त्या माणसाला म्हणत आले, तुम्ही असतात तर! कंबर दुखली की म्हणायचे, तुम्ही असतात तर! आणि तो माझ्या तोंडाकडे बघत ऐकत राहिला.'

आईनं मला फक्त एवढं विचारलं, 'हे तुला फिनियासनं सांगितलं?'

मी हो म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मामा, तुला तो दिवस आठवतो. मला तर दगडासकट आठवतो. शहाऐंशी साल, हौदावरून आपण चालत परत येत होतो, उन्हानं थकून त्या पसरट खडकावर बसलो. मी सहज विचारलं, मामीची कंबर कशानं गेली. आणि तू बोलायला लागलास. कणगीत ज्वारीच्या कणसांवर पालथा पडून होतास. पट्ट्याचं टोक झाकणात अडकून बाहेर राहिलं होतं आणि तू ते आत ओढत नव्हतास, हललं तर दिसेल म्हणून. ते टोक त्यांना दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणालास. मामीचे शब्द सांगितलेस. तुझ्या नाकातून पाणी गळत होतं आणि तू ते पुसतही नव्हतास. मग म्हणालास, 'तू माझा ससा. तुला सांगितलं म्हणजे बिळात टाकलं.'

आता मी जे लिहितोय ते मी आईलाही सांगितलेलं नाही. तू रडत होतास आणि मी मनात ते वाक्य घोकत होतो. 'तर तुझा पाय माझ्या अंगणाला लागला नसता.' विसरायला नको म्हणून. घरी आल्यावर दिवा लावायच्या आधी मी ते वहीत उतरवलं. सात वर्षं ते वहीत पडून होतं. गेल्या वर्षी प्रकाशनसंस्थेतल्या बाई म्हणाल्या, मुलं खदखदून हसतील असं काहीतरी द्या, पंधरा दिवसांत द्या. मी वही काढली.

भाच्याला सगळं माफ असतं, असं स्वतःला सांगितलं. सुरुवातीला ते खरंही वाटलं. पण टर तोंडावर उडवायची असते, तुझ्यासमोर, तुला उलटून बोलता यावं म्हणून. चाळीस हजार पुस्तकांना तू काय उलटून बोलणार? गावातली माणसं तुला मानानं देवकाच्या नावानं 'मुकान्या' हाक मारायची. आता तीच हाक मारून तोंडावर हात धरतात, आणि पोरं हौदापर्यंत तुझ्या मागून ओरडत येतात, 'मामा, शेपूट आत घ्या!' मुत्सागोनं सांगितलं. तो सांगताना हसत नव्हता.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. तिच्यासाठी ये. तू येणार असशील त्या दिवशी मी घरात राहणार नाही, बसथांब्यावर जाऊन बसेन. ती अजून ओळखते माणसांना.

गरिकाई

वेड्झा, २२ ऑगस्ट

मामा,

आई आज पहाटे गेली.

काकांचा मुलगा हे पत्र घेऊन पहिल्या बसनं निघतोय. काका म्हणालेत, 'एस्नाथचा भाऊ आल्याशिवाय कुदळ मातीला लागणार नाही, मग चार दिवस लागोत.' बायका रडतायत, पुरुष विस्तवाभोवती बसलेत आणि प्रत्येक जण दर थोड्या वेळानं रस्त्याकडे बघतो. तुझ्या नावानं कोणी वाईट बोललेलं नाही. मी बोलू दिलं नसतं, पण तशी वेळही आली नाही. सगळ्यांना माहीत आहे चूक कोणाची.

तिनं तुझ्यासाठी निरोप ठेवलाय. तिच्याच शब्दांत लिहितो, एक शब्द इकडचा तिकडे न करता. 'फिनियासला सांग, ती गोष्ट या पोरानं मला आधी वाचून दाखवली होती तेव्हा मी हसले होते. खूप हसले होते. मला माहीत नव्हतं. त्याला सांग, बहीण हसली, तिला माफ कर.'

मी तुझ्या समोर येणार नाही. पण ये. ती आत चटईवर वाट बघतेय.

गरिकाई

हरारे, १८ सप्टेंबर

मामा,

तू आलास. त्याबद्दल लिहायचं म्हणून चार आठवडे कागद समोर घेऊन बसतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसमधून उतरलास, काळा कोट, हातात टोपी. तू येताना दिसलास आणि बायकांनी हंबरडा फोडला. मी ठरल्याप्रमाणे गोठ्यामागे गेलो. तू आत गेलास. आत किती वेळ होतास, काय बोललास, कोणी ऐकलं नाही. बाहेर आलास आणि काकांना म्हणालास, 'माझी बहीण तुमच्या हवाली करतो.' मग कुदळ लागली.

सुनांनी रिवाजाप्रमाणे आईची नक्कल केली. एकीनं तिचा डगला घातला, तिच्यासारखं कमरेवर हात ठेवून कोंबड्यांना शिव्या घातल्या, तिच्यासारखी ठसका लागेपर्यंत हसली. सगळं अंगण रडत रडत हसलं. तू पण हसलास, मी गोठ्याआडून पाहिलं. मला वाटलं, हसतोय म्हणजे अजून आशा आहे. काय काय वाटतं माणसाला.

मामी भावांबरोबर आली होती, बायकांत बसली होती. तुमच्या दोघांत वीस पावलं आणि एकही शब्द नाही. पण बायका बसल्या होत्या त्याच बाजूनं कबरीच्या उकरलेल्या मातीवर चढताना तुझा पाय घसरला, तेव्हा तिनं बसल्या जागेवरून काठी पुढे केली. तू ती धरलीस, वर चढलास, बहिणीवर पहिली मूठ टाकलीस, खाली उतरलास आणि काठी दोन्ही हातांनी तिला परत दिलीस. तिनं घेतली. बस. हे मी इथे लिहितोय, पण कुठल्याही गोष्टीत लिहिणार नाही. वहीत उतरवलेलं नाही. यावर विश्वास ठेवायचं तुला काही कारण नाही, तरी सांगतो.

मग जेवणं.

मला काकांनी ओढून आणलं. 'मामा-भाचे एका घरात आणि एकमेकांसमोर येणार नाहीत? आईचं मढं अजून नीट थंड झालं नाही!' मला तुझ्यासमोरच बसवलं. मक्याच्या साद्झाचं ताट आणि बैलाचं मांस, बरगडीचा मोठा तुकडा तुझ्या ताटात, आईच्या भावाचा मान. माणसं बघत होती. मला कळेना काय करू. मग मी जन्मभर केलं तेच केलं. हात लांब करून तुझ्या ताटातला तो तुकडा उचलला.

सगळे थांबले होते, काकासुद्धा. तू आता म्हणणार, 'अरे सशा, तुझ्या बापानं कधी मांस पाहिलं होतं का?' किंवा 'सोड, नाहीतर कान उपटून भाजीत घालीन!' काहीही. तू माझ्या डोक्यात ताट घातलं असतंस तरी मी तुझे पाय धरले असते.

तू ताट उचललंस. दोन्ही हातांनी. माझ्यापुढे ठेवलंस. आणि बसल्या बसल्या हळूच टाळ्या वाजवल्यास, तळवा तळव्याला जुळवून, परक्या पाहुण्यापुढे वाजवतात तशा. 'घ्या साहेब,' म्हणालास. 'पोटभर घ्या. लांबून आलात.' मग पाणी मागवून हात धुतलेस.

मला तो घास आजतागायत गिळता आलेला नाही.

पुस्तकाचं सांगतो. प्रकाशनसंस्थेतल्या बाईंना भेटलो, म्हटलं ती गोष्ट काढून टाका. त्या म्हणाल्या, 'मुलांना तीच सगळ्यात आवडते हो, तुम्हाला झालंय काय?' खरं कारण मी सांगितलं नाही. तुझं गुपित पुन्हा विकायला तोंड झालं नाही. शेवटी पुढच्या छपाईत गाळायचं कबूल केलं त्यांनी. पण छापून झालेली चाळीस हजार शाळांतून परत कशी आणू? एका शाळेत जाऊन बघितलं. मास्तरांना म्हटलं, पुस्तकं परत द्या, मी दुसरी देतो. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघायला लागले. एक प्रत हातात दिली, 'बघा, मुलांनी किती प्रेमानं वापरलीय.' प्रत्येकानं ते शेपूट वेगळ्या रंगानं रंगवलं होतं.

मी आता गोष्टी लिहीत नाही. लिहायला बसलं की ससा माझ्याचसारखा दिसतो.

मामा, तू लहानपणापासून मला काय काय म्हणत आलास. चोरट्या, लांबकान्या, उपाशी बापाच्या पोरा, तुझ्या तोंडात मुंग्या पडोत. मला ताप आला की तू उशाशी बसून शिव्या द्यायचास आणि ताप उतरायचा. आई म्हणायची, फिनियासच्या शिव्या लागल्या म्हणजे पोरगं बरं होणार. मला आदर नको तुझा. टाळ्या नकोत. पत्र लिहू नकोस, भेटायला येऊ नकोस, माफही करू नकोस. मुत्सागोबरोबर तोंडी पाठव, एक शिवी. फक्त एक. तो बसमध्ये सगळ्यांसमोर ओरडून सांगेल, मला चालेल.

तुझा चोर
गरिकाई

मुटोको, ९ ऑक्टोबर १९९४

श्री. गरिकाई यांस,

सविनय नमस्कार. आपण व आपल्या घरची मंडळी कुशल असाल तर आम्हीही कुशल आहोत. इकडे ऊन फार आहे. आंबे या वर्षी बरे धरले आहेत. गुरांत गोचिडीचा ताप आहे, त्यामुळे हौदावर काम पुष्कळ असतं.

आपल्या मातोश्री गेल्या याचं दुःख आहे. त्यांचा निरोप आपल्या पत्रातून मिळाला. त्यांनी माफी मागायचं कारण नव्हतं. त्या हसल्या, त्यात त्यांचा दोष नाही.

श्री. मुत्सागो यांच्या हाती एक कोंबडी पाठवत आहे. ती घेण्यासाठी आपण इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नये.

आपण पत्रात शिवी मागितली आहे. ती देता येत नाही. शिवी घरच्या माणसाला देतात.

कळावे,
फिनियास